तिरका चालणारा हत्ती

रविवारी चार वाजता गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली की भगवंत ओतारी चादर डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि घोरायला लागायचा. ते घोरणं इतकं खोटं असायचं की दारात बांधलेली शेळीसुद्धा मान वर करून बघायची.

"झोपलेत हो," त्याची बायको बनूबाई दारातूनच सांगायची.

"कोई बात नहीं, अदी. पुढच्या रविवारी येतो," वसणमल म्हणायचा. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी आणि भावाला अदा म्हणतात, हे बनूबाईला आता ठाऊक झालं होतं. मग तो बुद्धिबळाचा पट पुन्हा कॅरिअरला बांधायचा आणि अंबरनाथहून आल्या वाटेनं उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या आपल्या चष्म्याच्या दुकानाकडे निघून जायचा.

असे पाच रविवार गेले. पाचव्या रविवारी बनूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. सोंग करायचं यांनी आणि खोटं बोलायचं मी! सायकल वळणावर दिसेनाशी झाली तशी तिनं चादर खसकन ओढली.

"उठा आता. गेला तो."

"मान दुखते माझी," भगवंत म्हणाला.

"मान घोरते होय?"

खरं काय ते तिला पक्कं माहीत होतं. भगवंतानं अंबरनाथच्या कारखान्यात वीस वर्षं ओतकामाचे साचे धरले. साच्याच्या सांध्यात केसाएवढा फरक राहिला तरी त्याच्या बोटाला कळायचा. साहेब लोक फूटपट्टी बाजूला ठेवून आधी त्याला बोट फिरवायला सांगत. पण भट्टीच्या उजेडाकडे बघून बघून डोळ्यांवर धुकं चढत गेलं. मुंबईच्या डॉक्टरनंही हात टेकले, तेव्हा निदान एखादा जाड चष्मा तरी मिळेल म्हणून तो वसणमलच्या दुकानात गेला होता. वसणमलनं काचेमागून काच लावून बघितली आणि शेवटी सगळ्या पेटीत ठेवून दिल्या. "अदा, खोटं कशाला सांगू? तुझी काच माझ्याकडे नाही." गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवणारा दुकानदार भगवंताला आवडून गेला. काउंटरवर अर्धवट डाव मांडलेला होता. भगवंतानं पटाला नाक लावून तो बघितला आणि म्हणाला, "काळ्याचा घोडा मरतोय." त्या दिवसापासून भगवंताच्या घरी दोघांची रविवारची बैठक जमली. ही एक्कावन्न सालची गोष्ट.

दोन वर्षांत धुकं दाट झालं. एका रविवारी भगवंतानं वजीर उचलला आणि मोठ्या ऐटीत शह दिला. वजीर वसणमलचा होता. डाव बघायला आलेला शेजारी फिदीफिदी हसला. वसणमल मात्र हसला नाही. त्यानं गुपचूप वजीर जागेवर ठेवला आणि म्हणाला, "माझीच चूक. मी नीट मांडला नव्हता." तो हसला असता तर चाललं असतं. ही दया भगवंताला लागली, आणि तेव्हापासून त्याची मान दुखायला लागली.

आता तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. कारखाना सुटला ते ठीक, पण हा माणूस घरातूनही सुटायला निघाला होता. बनूबाईला ते बघवत नव्हतं, आणि न बघवणारी गोष्ट फार दिवस बघत बसणारी ती बाई नव्हती.

त्याच पाचव्या रविवारी चहाच्या वेळी भगवंतानं मांडणीकडे हात नेला. मांडणीवर सहा पेले, सगळे सारखे. त्यानं न चाचपडता बरोबर आपला, पोचा आलेला पेला उचलला. बनूबाईचा हात किटलीवर तसाच राहिला. या माणसाच्या बोटांना सगळं दिसतं की! मग मोहरे बोटांना कळतील असे का असू नयेत? हत्ती म्हणजे सोंड असलेला हत्ती, आणि उंट म्हणजे मदार असलेला उंट.

बनूबाई पेणची. बापाचा गणपतींचा कारखाना. सोंडेची तिला काय मातब्बरी? लग्नाआधी चार वर्षं तिनं मूर्तींचे डोळे आखले होते. डोळे आखायचं काम सगळ्यात शेवटचं आणि भरवशाच्या हाताचं. घरात तीन भाऊ असताना बापानं ते पोरीच्या हाती दिलं होतं.

तिनं बेत सांगितला. भगवंतानं भिंतीकडे बघत ऐकला. "लाकडी मोहरे चाचपायला गेलं की कलंडतात," तो म्हणाला.

"मग शिशाचे ओता. तुमच्यासारखे जड. ढकललं तरी हलणार नाहीत."

त्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाला, "वाळू कुठली आणणार?"

वाळू विचारली तिथेच अर्धं काम झालं.

वाळू वालधुनीच्या काठची, धोतराच्या फडक्यातून गाळलेली. शिसं कॅम्प दोनच्या भंगारवाल्याकडचं, छापखान्यातली झिजलेली अक्षरं. बनूबाईनं शाडूच्या मातीचे मोहरे घडवले, प्याद्यांपासून राजापर्यंत सगळ्यांना पागोटी, राजा आणि वजीर चांगले चार बोटं उंच. ते वाळवून भगवंतानं वाळूत त्यांचे साचे धरले, आणि साचे धरताना त्याची मान एकदाही दुखली नाही. शिसं तापलं की नाही हे बघायला डोळे हवेत, ते बनूबाईचे. पळीत सुकी काडी बुडवायची आणि रंग सांगायचा.

"तपकिरी झाली का?"

"झाली."

"काळी नको व्हायला. ओत आता. घाबरत ओतू नकोस, एका धारेत."

पहिला हत्ती निघाला तो सोंडेशिवाय. भगवंतानं त्यावरून बोट फिरवलं. "ही म्हैस आहे," तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. मग त्यानं सायकलची जुनी तार मागून घेतली आणि सोंडेच्या टोकापासून वाळूत हवेला वाट करून दिली. दुसऱ्या हत्तीला सोंड आली.

तीन आठवड्यांत बत्तीस मोहरे झाले. बनूबाईनं सोळा हिरवे रंगवले, सोळा लाल. वजिराच्या शेल्याला पिवळा काठ काढला, घोड्याच्या आयाळी काळ्या केल्या आणि शेवटी सगळ्यांचे डोळे आखले. लग्नानंतर पहिल्यांदाच ती असं काम करत होती. कुणी बघत नसताना ती स्वतःशीच गुणगुणायची. एका पाटावर सुतळी चिकटवून तिनं चौसष्ट घरं पाडली, म्हणजे घरंही बोटाला लागतील.

त्या रविवारी घंटा वाजली आणि भगवंत चादर न घेता दारात येऊन उभा राहिला.

वसणमल मोहरे बघून आधी खूश झाला. एकेक हातात घेऊन, वजन करून, "वाह अदी, वाह!" म्हणाला. मग मांडायला बसला आणि अडला.

"हे काय? ऊंट?"

"उंटच तो. राजा-वजिराच्या बाजूला."

"आमच्याकडे तिथे हाथी असतो. तिरका चालतो."

"हत्ती तिरका?" भगवंत म्हणाला. "हत्ती कोपऱ्यात असतो आणि सरळ चालतो, शेठ."

"कोपऱ्यात रुख असतो."

"रुख म्हणजे काय?"

वसणमलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "रुख म्हणजे... रुख."

लाकडी मोहऱ्यांवर दोघं दोन वर्षं खेळले होते. खेळताना दोघंही मुके. एकानं मनात ज्याला हत्ती म्हटलं त्याला दुसऱ्यानं रुख म्हटलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. आता हत्तीला सोंड आली आणि भांडण सुरू झालं.

शेवटी वसणमल पाहुणा म्हणून नमला. पण जन्माची सवय कुठली जाते? तिसऱ्याच चालीला त्यानं हत्ती तिरका नेला, जीभ चावली, परत आणला. आणि सातव्या चालीला भगवंतानं पटावर बोटं फिरवली, घोडा सापडला, उचलला आणि त्या घोड्यानं एक प्यादं मारलं. प्यादं त्याचं स्वतःचं होतं. घोडा वसणमलचा होता. घोडा आहे हे बोटांना कळलं होतं. कुणाचा, ते कळलं नव्हतं.

"अहो, तो लाल आहे," बनूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"लाल." भगवंतानं घोडा खाली ठेवला. "मला लाल आणि हिरवा सगळं एकच राखाडी. कुणासाठी रंगवत बसली होतीस?"

तो उठला, भिंत धरत खाटेपाशी गेला आणि चादर ओढून पडला. या वेळी घोरला नाही.

रंग त्याच्यासाठी नव्हते, हे बनूबाईला तीन आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं. बोटांसाठी सोंड केली, बोटांसाठी सुतळी लावली, आणि मग स्वतःच्याच हौसेत विसरून गेली. तिला स्वतःचा राग आला, आणि तो काढायला समोर वसणमल होता.

"माझ्या हाथीनं झगडा लावला, अदी," तो बिचारा म्हणत होता.

"तुमचा हत्ती ठेवा तुमच्यापाशी!" ती फिस्कारली.

बोलून गेली आणि तिथेच थांबली. तिनं पटाकडे बघितलं. दोन्ही सैन्यं एकाच साच्यातली. मग बोटांना फरक कळणार कुठून? वसणमलचा हत्ती खरंच वसणमलपाशी असला तर?

"शेठ," ती खाली बसली, "तुमचं सैन्य कसं असतं ते सांगा. डोक्यावर काय घालतात तिथपासून."

वसणमलनं आपलीच टोपी पुढे केली, समोरून कमानीसारखी कापलेली. प्याद्यांना ती, राजा-वजिरालाही ती. घोड्यावर खोगीर हवं. हत्ती राजाशेजारी, सोंड वर केलेला. "आणि रुख..." तो थांबला. "रुख उंच असतो. घरासारखा पक्का. आमच्या हैदराबादला, सिंधमध्ये, प्रत्येक छपरावर मंघ असायचा. हवा पकडायला. समुद्राचा वारा आला की सीधा खालच्या खोलीत. सगळ्या शहराचे मंघ एकाच दिशेला तोंड करून उभे." दोन वर्षांत त्यानं या घरात आपल्या घराचं नाव काढलं नव्हतं.

बनूबाईनं शाडूचा गोळा त्याच्यापुढे सरकवला. चष्मेवाल्याची बोटं, बारीक कामाला सरावलेली. एक चौकोनी मनोरा उभा राहिला, वर एका बाजूला उतरलेलं छप्पर, पुढे उघडं तोंड. तो छपराची कड बोटांनी पातळ करत बसला.

"ती कड किती पातळ झालीय?" चादरीखालून आवाज आला.

दोघांनी मागे बघितलं.

"नखाएवढी," बनूबाई म्हणाली.

"जाड ठेवा. शिसं भरणार नाही तिथे," भगवंत म्हणाला आणि चादर बाजूला करून उठून बसला.

लाल सैन्य पुन्हा पळीत गेलं. त्याआधी त्याचा रंग खरवडायला बनूबाईच बसली. डोळे खरवडताना तिला कसंसंच झालं, पण तिनं हात थांबवला नाही. नवे सोळा ओतून झाले, तेव्हा तिनं कुंचले गुंडाळून फळीवर टाकले होते. दोन दिवस ते तिथेच राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं ते काढले. तेलरंगात खडूची पूड घोटून घोटून तिनं मलमासारखा रंग केला आणि रेघेवर रेघ, सुकली की पुन्हा रेघ, अशी रेघ बोटाला उंचवटा लागेपर्यंत चढवत गेली. हिरव्यांचे डोळेही नव्यानं तसेच आखले. बिनडोळ्यांचं सैन्य वसणमलला कसं द्यायचं, म्हणून करतेय, असं ती स्वतःला सांगत होती.

पुढचा डाव रंगला. भगवंताची बोटं पटावरून सरसर फिरत होती. पागोटं ते आपलं, टोपी ती शेठची. सोंड खाली तो आपला सरळ हत्ती, सोंड वर तो शेठचा तिरका. एकदा तो चुकला, एकदा वसणमल चुकला, आणि वसणमल खदखदून हसला. या खेपेला दया नव्हती. भगवंतानंही त्याला दोन शिव्या हासडल्या. बनूबाई चहा गाळता गाळता ऐकत होती आणि मनातल्या मनात देवाला हात जोडत होती.

मग भगवंतानं वजीर उचलला, नव्या घरात ठेवला. "शह" म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाला नाही. त्याचं बोट वजिराच्या तोंडावरच राहिलं होतं. ते डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं, परत गेलं.

"अगं," तो म्हणाला, "याचा डावा डोळा केसभर वर गेलाय."

बनूबाईनं गाळणी खाली ठेवली. पटावरून वजीर उचलून ती दारातल्या उन्हात गेली आणि निरखून बघितलं. खरंच गेला होता. रंगवताना तिला दिसला नव्हता. पेणला बापानं असाच एक डोळा दाखवून तिला सबंध मूर्ती पुन्हा करायला लावली होती. त्यानंतर इतक्या वर्षांत तिच्या कामाकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती पदरानं ते पुसत हसत राहिली.

"अदी, वजीर बाहेरच ठेव!" वसणमल ओरडला. "वजीर नाही, तर शह पण नाही!"

"अगं आण तो इकडे, दोन चालींत मात होतेय!" भगवंत ओरडला.

"बसा दोघं गप," बनूबाई म्हणाली आणि फळीवरचा कुंचला घेतला. "आधी डोळा नीट करते."