टीटीचं पथ्य

माझी बायको अंजना गेल्यावर सात महिने मी बाहेरचंच खाल्लं. सकाळी चौकातल्या दोन कचोऱ्या आणि जिलबी, दुपारी सकाळची उरलेली कचोरी, संध्याकाळी आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे. मला चहाशिवाय काही करता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं.

उपाशीपोटी शुगर तीनशे बारा निघाली. माझी मुलगी रुचिता नवा रायपूरला सरकारी नोकरीत आहे, तिथंच चौथ्या माळ्यावर राहते. रिपोर्ट पाहून ती रडली, मग चिडली. म्हणाली, तीन महिने देते. शुगर उतरली नाही तर इथल्या गुढियारीच्या घराला कुलूप लावायचं आणि बाबांनी माझ्याकडे यायचं. तिनं माझ्यासाठी कोपऱ्यातली खोलीही ठरवून ठेवली होती. पण त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्यांना मनाई आहे. म्हणजे टीटीला इथंच सोडावं लागणार होतं.

टीटी हा आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, कुत्रा. प्रत्येक दारापुढे जरा वेळ उभा राहायचा, आत पाहायचा, मग पुढच्या दाराशी जायचा. आमचा पारा रेल्वेवाल्यांचा, म्हणून अंजनानं त्याचं नाव टीटी, म्हणजे तिकीट तपासणारा, ठेवलं. ती रोज संध्याकाळी त्याला भाकर द्यायची. ती गेल्यावर तो दुसऱ्या दारांवर जायचं सोडून आमच्याच पायरीवर बसू लागला. मी माझ्यातली अर्धी कचोरी त्याला देत गेलो. तो जिलबीही खायचा. आम्ही दोघंही अंगानं सुटलो. मग त्याच्या पाठीचे केस गळाले आणि एक दिवस ओकून ओकून तो उठेचना.

शेजारच्या हरिदासनं त्याला आपल्या ऑटोत घातलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं सुई दिली, मला खूप बोलली आणि कागदावर हिंदीत लिहून दिलं. तळलेलं, गोड, नमकीन बिलकुल बंद. उकडलेली लौकी म्हणजे दुधी, कोहळं, थोडा भात, एक अंडं, दही. दोन्ही वेळा ठरल्या वेळेला. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवणं. खाली सही आणि शिक्का.

मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. तिथं तोंडी सांगण्यावर गाडी सोडत नाहीत. लेखी आलं की मात्र वर-खाली पाहायचं नाही, जसंच्या तसं करायचं. माझ्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या मी घेत होतो. खाण्याचं त्यानं तोंडी सांगितलं होतं, ते मी दवाखान्याच्या पायरीवरच सोडून आलो होतो. हा कागद मी दाराच्या मागे लावला आणि बाजारातून लौकी आणली.

ती सोलायची असते हे हरिदासच्या बायकोनं, प्रेमलानं सांगितलं. कुकर कसा लावायचा तेही तिनंच दाखवलं. टीटीपुढे ताट ठेवलं. त्यानं वास घेतला आणि माझ्या हातातल्या कचोरीकडे पाहत बसला. मी कचोरी लपवून खाल्ली, त्याला कळलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दिवस तो पाण्यावर होता. तिसऱ्या दिवशी मी कचोरी आणलीच नाही. त्याच्याच कुकरातलं थोडं माझ्या ताटात घेतलं, वरून मीठ आणि मिरची टाकली आणि त्याच्यासमोर बसून खाल्लं. मी चार घास खाल्ल्यावर त्यानं ताटाला तोंड लावलं.

मग रोजचं तेच झालं. मी पहिला घास घ्यायचा, मग तो. पुढं पुढं मी जिऱ्याची फोडणी शिकलो, कोहळ्यात मेथीदाणे टाकायला लागलो. ओट्यापाशी उभा असलो की अंजनाची आठवण यायची, पण तिथून पळावंसं वाटत नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असत. सकाळी आम्ही रुळाच्या कडेकडेनं मालधक्क्यापर्यंत जायचो. सुरुवातीला तो मला ओढायचा, नंतर मी त्याला. हरिदास ऑटो हळू करून विचारायचा, "काहून गुलाबराव, कोण कोणाले फिरवून राहिलं?" सगळ्या पाऱ्यात बातमी झाली की काका कुत्र्याचं उष्टं खातात. मी सांगायचो, उष्टं तो खातो, पहिला घास माझा असतो.

तीन महिने भरले तेव्हा मी रक्त दिलं आणि रुचितानं स्वतःच लॅबमधून रिपोर्ट आणला. रविवारी आली तेव्हा सोबत मोठी रिकामी बॅग होती. ती माझे कपडे भरायला असणार. टीटी पायरीवर बसून होता, पाठीवर पुन्हा केस आलेला, चांगला चमकणारा. मी चहा ठेवला. ती खुर्चीवर बसली.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "बाबा, कोणता डॉक्टर पकडला तुम्ही? मले त्याचा चार्ट द्या. ऑफिसात तिघी जणी मागून राहिल्या."

मी म्हटलं, चार्ट-बिर्ट काही नाही. पण ती आमच्या अंजनाची मुलगी. माझी नजर दाराकडे गेली ती तिनं पाहिली, दार ढकललं आणि मागचा कागद काढला. लौकी, कोहळं, दही वाचत मान हलवत होती. मग वरच्या ओळीवर थांबली. तिथं लिहिलं होतं, पशु कुत्ता, नर, देशी, वजन चोवीस किलो.

ती हसायला लागली. आई गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"आईनं पंचवीस वर्षं हेच सांगितलं ना बाबा तुम्हाले? हेच. लौकी खा, फिरायले जा."

"सांगितलं," मी म्हणालो. "तिनं लिहून नाही दिलं कधी."

तिनं कागद परत दाराच्या मागे लावला. मग कुकरचं झाकण उघडून पाहिलं, ताट घेतलं आणि जेवायला बसली. मीठ कमी आहे म्हणाली, तरी दोनदा घेतलं. जेवण झाल्यावर तिनं फोन काढून माझ्या नातीला, मीनलला लावला. सांगितलं की आजोबा इथंच राहतात, ती कोपऱ्यातली खोली तू घे.

फोन कानापासून लांब धरावा लागला, एवढी ती पोट्टी ओरडली. "सच में मम्मी? पूरा कमरा मेरा?" मग तिला काय सुचलं कोण जाणे, आवाज एकदम लहान करून म्हणाली, "नानाजी सुन तो नहीं रहे?"

"सुन रहा हूँ," मी म्हणालो. "पलंग खिडकीपाशी लाव."