मालक समोर नसताना

किल्लीवाल्याने सेफ्टी पिन सरळ केली, तिचं टोक राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात घातलं, तेवढ्यात लेकीने त्याचं मनगट धरलं.

"थांबा बाबा. दाबू नका."

"अगं, तूच म्हणालीस ना, दहा सेकंद दाबून धरायचं म्हणून?"

"त्या हेल्पलाइनवाल्या बाईने आत्ता सांगितलं. दाबलं की आतलं सगळं पुसलं जातं. मग कनेक्शन पुन्हा चालू करायला मालकाच्या मोबाईलवर ओटीपी पाठवणार. मालकाच्या."

त्याने पिन काढून शर्टाच्या खिशाला टोचली. मालक कोण, हे दोघांनाही माहीत होतं. कनेक्शन लेकीच्या धाकट्या भावाच्या, बारक्याच्या नावावर होतं. राउटर त्यानेच आणला, पासवर्डही त्यानेच घातला आणि ताईचा फोन हातातून ओढून घेऊन त्यात स्वतःच भरून दिला. त्या बारक्याचा नंबर आज चौदा महिने लागत नव्हता.

आणि ताईचा फोन परवा धुण्याच्या बादलीत पडला. पासवर्ड तेवढ्या एका फोनच्या पोटात होता, तो फोनबरोबर गेला. बापाकडे बटणांचा फोन. वाय-फाय कशाशी खातात हे त्या फोनलाही ठाऊक नव्हतं आणि बापालाही. टेबलावर कंपनीने पाठवलेला नवा लॅपटॉप उघडून ठेवला होता. घरबसल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, असं काम होतं. संध्याकाळी सहाला कंपनीची माणसं घरची लाइन तपासणार. लाइन असेल तर सोमवारपासून काम, नसेल तर यादीतल्या पुढच्या बाईला. आईच्या आजारपणात हातची नोकरी सोडल्यापासून लेकीने अठ्ठावीस ठिकाणी अर्ज केले होते. होय म्हणणारे हे पहिलेच. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मग दुसरी वाट काय?" त्याने विचारलं.

"आहे एक. राउटरच्या तळाला लेबल असतं. त्यावर आत शिरायचा पासवर्ड छापलेला असतो. वायरने लॅपटॉप जोडायचा, तो पासवर्ड टाकायचा, की आपल्या वाय-फायचा पासवर्ड समोर दिसतो. काही पुसावं लागत नाही. पण हे बघा."

तिने राउटर उलटा केला. लेबलावर बारक्याने दुकानाचं स्टिकर चिकटवून ठेवलं होतं. किल्लीचं चित्र आणि खाली दुकानाचा नंबर. दिसेल त्याच्यावर ते स्टिकर मारायची त्याला खोडच होती. एका कोपऱ्यावर नखाने खरवडल्याच्या खुणा होत्या. तिथे स्टिकरबरोबर खालचं लेबलही फाटून आलं होतं.

"माझ्याने होणार नाही," लेक म्हणाली. "तुमचा हात हलका आहे. तुम्ही काढा."

किल्लीवाल्याने राउटर हातात घेतला, वळवून बघितला आणि परत टेबलावर ठेवला.

"मघाशी माझ्या ध्यानात आलं नाही. वस्तू त्याची आहे. मालक समोर नसताना मी काही उघडत नाही."

हा त्याचा पस्तीस वर्षांचा नियम. दाराबाहेर अडकलेला माणूस हातापाया पडला तरी तो आधी ओळखपत्र बघायचा, शेजाऱ्याला विचारायचा, मगच हत्यारांची पेटी उघडायचा. लोक त्याला हेकट म्हणायचे आणि गरज पडली की त्याच्याकडेच यायचे.

याच नियमापायी बारक्या घरातून गेला होता. एका मित्राने स्वतःची म्हणून एक खोली दाखवली, बारक्याने दुकानातली हत्यारं नेऊन ती उघडून दिली, आणि खोली निघाली भलत्याचीच. पोलिसांनी समज देऊन सोडलं. बापाने सोडलं नाही. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, चोवीस वर्षांच्या पोराच्या थोबाडीत मारली आणि माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी त्याने घराच्या दाराचं कुलूप खोललं. आठ लिव्हरचं कुलूप होतं. आत पितळेच्या आठ पट्ट्या, त्यांचा क्रम जसा, तसे किल्लीचे दात. त्याने पट्ट्यांचा क्रम बदलला. बाहेरून कुलूप तेच. जुनी किल्ली आत जाणार, पण फिरणार नाही. बायको शेजारी उभी राहून म्हणत होती, अहो, उद्या करा, उद्यापर्यंत राग उतरेल. त्याने ऐकलं नाही. घरातल्या जुन्या किल्ल्या त्याने भंगाराच्या डब्यात टाकल्या. एक तेवढी बारक्याच्या खिशात राहिली.

"मालक समोर का नाही, ते तुम्हाला माहीत आहे," लेक म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "त्याला तुम्ही घालवलंत, बाबा. आता त्याच्याच नावावर माझं काम घालवू नका."

तो उठला. चपला घालून खाली दुकानात गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात पातळ पातं होतं. दार उघडायला लेकीला वेळ लागला, कारण दाराला दोन कुलपं होती. वरचं गेल्या वर्षीचं. बायको हॉस्पिटलात असताना घर दिवसभर बंद असायचं. एका संध्याकाळी तो अंघोळीला घरी आला तर किल्लीच्या भोकाभोवती ताजे ओरखडे. कुणीतरी आत शिरायला बघत होतं आणि त्याच्या कुलपाने दाद दिली नव्हती. त्याने तिथल्या तिथे दुसरं कुलूप ठोकलं. एवढ्या वाईट दिवसांत तेवढीच एक गोष्ट मनासारखी झाली होती. ती तो अजून दुकानात रंगवून सांगायचा. चोराने घाम गाळला आणि हात हलवत परत गेला, म्हणायचा.

लेकीने किटलीत पाणी उकळलं. त्याने राउटर वाफेपासून बेताच्या अंतरावर धरला, स्टिकर पुसलं, पुन्हा वाफ दिली आणि पातं कडेने आत सरकवलं. वीस मिनिटं लागली. स्टिकर अख्खं निघालं. ते त्याने टाकलं नाही, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं. खालची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

लेकीने पिवळी वायर जोडली, लेबलावरची अक्षरं एकेक करून टाकली. दोनदा चूक दाखवली. तिसऱ्यांदा पान उघडलं.

"आलं," ती म्हणाली. तिने खाली-वर करून एक ओळ शोधली. "हा बघा वाय-फायचा पासवर्ड. नुसते आकडेच आहेत. तीन, एक, चार, दोन, पाच, दोन, एक, तीन."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले. तो डोळे मिटून बोटांवर मोजत होता. पोरं लहान असताना त्यांना गप्प बसवायला त्याने दुकानात एक खेळ काढला होता. हातात किल्ली द्यायची आणि दात वाचायला लावायचे. उथळ दात म्हणजे एक, सगळ्यात खोल म्हणजे पाच. ताईला त्याचा कंटाळा यायचा. बारक्या मात्र डोळे झाकून, नुसत्या नखाने किल्ली वाचायचा.

"आपल्या दाराची किल्ली आहे ही," तो म्हणाला. "जुनी."

लेकीने त्याच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. चार वीस. तिने वायर काढली, आकडे टाकले, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात खूण उमटली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. काम हातात राहिलं होतं.

मग तिने कंपनीचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की राउटरला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते तपासावं आणि अनोळखी असतील ती काढून टाकावीत. तिने यादी उघडली. वर एक नाव हिरवं होतं, तिचा लॅपटॉप. खाली दोन करडी, सध्या न जोडलेली. एक तिचा बादलीत पडलेला फोन. दुसऱ्यापुढे नुसतं 'बारक्या' लिहिलं होतं.

तिचा हात थांबला.

"काय गं?"

"त्याचा फोन आहे. नंबर बदलला तरी फोन तोच असणार." ती स्क्रीनच्या जवळ गेली. "शेवटचं कधी जोडला गेला तेही दिलंय. सतरा ऑगस्ट. दुपारी दोन दहापासून दोन बावन्नपर्यंत."

"तो तर जानेवारीत गेला."

"हो."

"मग ऑगस्टमध्ये कसा?"

"फोनला पासवर्ड पाठ असतो, बाबा. जवळ आलं की फोन आपोआप जोडला जातो. आपली लाइन जिन्याच्या पहिल्या वळणाखाली जात नाही. म्हणजे तो इथे होता. दारात."

सतरा ऑगस्टला दोघंही हॉस्पिटलात होती. चौदाला आईला दाखल केलं, तेविसाला ती गेली. मधले सगळे दिवस ती एकच विचारत होती, बारक्या आला का? आणि ही दोघं सांगत होती, येतोय, वाटेत आहे. बारक्याला कळवायला नंबरच नव्हता. खाली दुकानही बंद, आणि वरच्या मजल्यावर त्यांचं एकट्याचंच घर. आई कुठे आहे हे त्याला सांगायला तिथे कुणी नव्हतं.

किल्लीवाला उठून दाराकडे गेला. दार उघडून त्याने खालच्या कुलपासमोर बैठक मारली आणि भोकाभोवतीच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. सात महिन्यांत ते काळे पडले होते. एकही खोल नव्हता. पातं घुसवल्याची खूण नव्हती, ठोकल्याची नव्हती. पुन्हा पुन्हा एकच किल्ली घातलेली आणि काढलेली होती. कधी सरळ, कधी उलटी, कधी थोडी बाहेर ओढून, जसं त्यानेच पोराला शिकवलं होतं तसं.

त्याने चौकट धरली.

"चोर बेचाळीस मिनिटं थांबत नाही," तो म्हणाला. "दोन मिनिटांत फोडतो, नाहीतर पळतो. हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या दारावर बघितलं असतं तर कळलं असतं."

लेक त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"त्याला वाटलं असेल, आपण सगळ्यांनीच दार लावून घेतलं," ती म्हणाली. "आईनेसुद्धा."

"हो. तेच वाटलं असणार."

 

थोड्या वेळाने त्याने पेटी आणली. खालचं कुलूप दारातून काढलं, जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि चारही स्क्रू खोलून आठ पट्ट्या ओळीने मांडल्या.

"वाच," तो म्हणाला.

"तुम्हाला पाठ असतील की."

"आहेत. तरी वाच. चूक व्हायला नको."

ती लॅपटॉप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली आणि एकेक आकडा वाचत गेली. तीन. एक. चार. तो पट्टी उचलायचा, फडक्याने पुसायचा, बसवायचा, मान हलवायचा. आठवी बसल्यावर त्याने झाकण लावलं. दोन कोऱ्या किल्ल्या शिकंज्यात धरून कानशीने दात पाडले. लेकीची एक, त्याची एक.  

सहाला कंपनीच्या माणसाने लॅपटॉपवरून लाइन तपासली आणि सोमवारी नऊला हजर राहायला सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, यादीत एक जुना फोन दिसतोय, काढून टाकू का, आणि पासवर्ड बदललेला बरा.

लेकीने दाराकडे बघितलं. बाप वरच्या कुलपाचे खिळे उपटत होता.

"घरातलाच आहे तो," ती म्हणाली. "राहू द्या. पासवर्डही राहू द्या."

आता त्या दाराला एकच कुलूप आहे. वरच्या कुलपाची भोकं त्याने पुट्टीने बुजवली. खालचे ओरखडे मात्र घासले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करून वर आला की तो चपला काढताकाढता विचारतो, "आज?" लेक यादी उघडते. "माझा एकच, बाबा." मग तो हातपाय धुवायला जातो.

परवा एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं. त्याच्यासोबत कुणी नवा माणूस होता, त्याला ती गोष्ट ऐकवायची होती. "सांगा की यांना," तो म्हणाला. "तुमच्या कुलपापुढे हात टेकलेल्या चोराची."

किल्लीवाला कानस चालवत राहिला.

"चोर नव्हता तो," तो म्हणाला.

"मग?"

"मालक होता," तो म्हणाला, आणि घासलेली किल्ली फुंकर मारून उजेडात धरली.