वाढता म्हसोबा

महारुद्र पाटलाच्या माळावर एक काळा दगड होता आणि तो दरवर्षी वाढायचा. गाव त्याला वाढता म्हसोबा म्हणायचं. जुनी माणसं सांगत, आमच्या लहानपणी देव गुडघ्याएवढा होता. आता तो उभ्या माणसाच्या छातीला लागत होता. जळकोटकडून अणदूरच्या खंडोबाला निघालेले लोकही वाट वाकडी करून पाया पडून जात. दर यात्रेला देवाला बुडापर्यंत शेंदूर लावायचा, आणि पावसाळा सरला की शेंदराच्या खाली दोन बोटं कोरा दगड दिसायचा. देव पाटलाच्या रानात वाढतो म्हणजे पाटलाचं दैव वाढतं, असं लोक म्हणत. पाटलालाही ते पटलं होतं.

बंडप्पाची बायको जगदेवी हिचं म्हणणं मात्र उलटं होतं. देव आहे तिथंच आहे, जमीनच खाली चालली आहे, असं ती एकदा पाणवठ्यावर बोलून गेली. पुढं आठ दिवस बायका तिच्याशी धड बोलल्या नाहीत. बंडप्पा भिडस्त माणूस. त्यानं तिच्यापुढं हात जोडले आणि देवाधर्मात तोंड घालू नको म्हणून विनवलं. ती गप्प बसली, पण म्हणणं काही सोडलं नाही.

सोडणार तरी कसं? माळावरून निघालेली माती कुठं जाते हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचं रान त्याच माळाच्या पायथ्याला. रान कसलं, मधोमध एक ओघळ आणि दोन्ही बाजूंना ढासळते काठ. पावसाळ्यात वरून गढूळ पाणी धडाडत यायचं आणि काठाचा लचका तोडून बोरी नदीकडं घेऊन जायचं. सासरा हयात होता तेव्हाच जगदेवीनं ओघळीत आडवी दगडांची एक ओळ घातली. लोक हसले. बंडप्पाची बायको दगड पेरती म्हणाले. पावसाळ्यानंतर त्या ओळीमागं वीतभर गाळ बसला. पुढच्या उन्हाळ्यात तिनं वर दुसरी ओळ चढवली. असं करत करत तो दगडी बांध, म्हणजे ताल, खांद्याएवढी झाली आणि तिच्यामागं वीस गुंठ्यांचा सपाट तुकडा तयार झाला. गेल्या रब्बीत त्यावर अशी जोंधळ्याची कणसं लागली की जाणारा-येणारा थांबून बघायचा.

नेमकं तेच पाटलाच्या डोळ्यांत खुपलं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं माळावरचे पळस न् हिवर तोडून सगळा उतार नांगरला होता. दोन-तीन वर्षं पीक आलं, मग मुरूम उघडा पडला. त्यानं सरकारात दरखास्त दिली. तिच्यात लिहिलं, जगदेवीनं दोन वर्षांखाली सरकारी ओघळीत चोरून ताल घातली आणि माझ्या रानाची माती अडवली. ताल फोडावी आणि माती मला गाड्यांनी उचलू द्यावी.

निजामाचा अंमल होता. फसली साल तेराशे पंचावन्नच्या वैशाखात महसुलाचे गिरदावर साहेब चौकशीला आले आणि चावडीवर बसले. ताल नवी असेल तर फोडावी लागेल, दहा वर्षांहून जुनी असेल तर राहील, असं त्यांनी सांगितलं आणि जगदेवीला गवाह आणायला सांगितले. सगळं गाव समोर होतं. तालीच्या बुडातला पहिला थोरला दगड गावातल्याच धोंडीबानं स्वतःच्या बैलांनी ओढून आणला होता. जगदेवीनं त्याच्याकडं पाहिलं, तर तो आपल्या वहाणेचा अंगठा चाचपत बसला. पाटलाविरुद्ध कोण बोलणार? साहेबांनी उद्या सकाळी जागा बघून निकाल देतो म्हटलं.

घरी आल्यावर बंडप्पा म्हणाला की जाऊ दे, वर आपली दीड एकर बरड आहेच. जगदेवीनं भाकरी खाल्ली, लवकर झोपली आणि तांबडं फुटताना कुदळ घेऊन निघाली. तालीला लागून तिनं खड्डा खणायला घेतला. थोड्या वेळानं बंडप्पा आला. त्यानं टोपलं उचललं.

साहेब, पाटील आणि मागोमाग गाव आलं, तेव्हा ती गळ्याएवढ्या खड्ड्यात उभी होती. ही खोदाई कशाची, असं साहेबांनी विचारलं.

"गवाह हाय, साहेब," ती म्हणाली. "गाव बोलंना, मग मातीला उठवली."

तिनं ओल्या हातानं खड्ड्याची भिंत पुसली आणि थर दाखवले. खाली जाड वाळू, वर सायीसारखी बारीक माती, की एक पावसाळा झाला. पुन्हा वाळू, पुन्हा साय. बोटाएवढा थर पाऊस न झालेल्या सालाचा, वीतभर थर उत्तरा नक्षत्र कोसळलं त्या सालाचा. वरचे नऊ लालभडक, मुरमाचे, पाटलांनी माळ नांगरला तेव्हापासूनचे. साहेब काठकाठानं वाकून छडीनं मोजत गेले. चौदा भरले.

पाटील हसला. एका पावसाळ्यात चार पूर आले तर चार थर बसतील, तेव्हा ही मोजणी कुठल्या कायद्यात बसते, असं त्यानं विचारलं. साहेबांनी मान हलवली. बोलणं खोटं नव्हतं. एका पावसात दोन थर बसलेले जगदेवीनंही एखाद्या वर्षी पाहिले होते, आणि खोटं बोलायचं तिच्या जिभेवर येईना. वर साहेबांनी कागद उघडला.

पाटील तेवढ्यावर थांबला नाही. माती आपली, हे त्याला शाबित करायचं होतं. तो खड्ड्याच्या काठावर बसला, आत हात घातला आणि लाल थरांच्याही खालच्या एका काळ्या पट्ट्यातून मूठभर माती उपसली. तिच्यात कोळसा झालेली धाटं होती.

"हे बघा साहेब, ही राख माझ्या कडब्याच्या गंजीची. बारा हजार पेंढ्या जळाल्या, पावसानं समदी राख हितं आणली. आता बोला, माती कुणाची?"

"तुमची," साहेब म्हणाले. "गंज कधी जळाली?"

पाटलाची मूठ तशीच राहिली. दोन वर्षांखाली म्हणावं, तर अख्ख्या गावानं ती आग विझवली होती. तो राखेकडं बघत राहिला. मग मागून धोंडीबाचा आवाज आला.

"तेराशे चव्वेचाळीस साली, साहेब. अकरा वर्सं झाली. म्या पाणी मारायला हुतो. पाटलांनी तवा नुकसानीची दरखास्त बी दिलती." मग तो पुढं आला आणि म्हणाला, "तालीचा थोरला धोंडा तर त्याच्याबी आधी माझ्याच बैलांनी वढलाय."

राखेखाली तीन थर होतेच. साहेबांनी एकवार खाली पाहिलं आणि लिहिलं. त्या दरखास्तीची जुनी मिसल तहसिलीत बघतो, तोवर तालीला कुणी हात लावायचा नाही.

"ताल ऱ्हाऊ द्या," पाटील उठत म्हणाला. "माती माझीच हाय."

जगदेवी खड्ड्यातून वर आली. पदरानं हात पुसले. बंडप्पानं तिच्याकडं नको नको अशा नजरेनं पाहिलं, पण ती आता थांबणार नव्हती.

"व्हय पाटील, तुमचीच हाय. तुमचा देव जेवढा वाढला, तेवढी हितं साचली. देव हाय तिथंच हाय, तुमचं रान त्याच्या पायाखालून चाललंय. वर माळाला ताली घाला, म्हंजे ऱ्हाईल. दगड कसा बसवायचा ते म्या दावते."

लोकांत कुणी हसलं नाही. पाटील तडक माळ चढून गेला. म्हसोबापाशी तो थांबलेला तिला खालून दिसला. पाया पडत होता की शेंदराखालचा कोरा दगड बघत होता, ते काही कळलं नाही. पण वाकला होता, आणि बराच वेळ वाकलेला होता.

खड्डा बुजवू का, असं धोंडीबानं विचारलं.

"नगं," जगदेवी म्हणाली. "पाऊस बुजवील. त्योच पंधरावा थर. काल गप बसलात न्हवं धोंडीबादादा? आता त्यो दगूड उचला."

धोंडीबानं दगड उचलला. दुसऱ्या टोकाला बंडप्पानं हात लावला, आणि जगदेवीनं तालीवर त्या उन्हाळ्याची ओळ धरली.