निळ्या कार्डाशेजारचे चार दिवस

मी एक करड्या रंगाचं क्रेडिट कार्ड आहे. माझ्या अंगावरचे सोळा आकडे आता निम्मेशिम्मे झिजलेत. खालच्या नावावरून बोट फिरवलं तर ते मात्र अजून कळतं: सुमेधा. माझ्यावर काय काय खरेदी झाली ते सांगत बसत नाही. मला एका हेव्याची गोष्ट सांगायची आहे. तो हेवा सुमेधाचा होता, आणि खरं बोलायचं तर तिच्याइतकाच माझाही.

मुंबईतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि २००४ च्या जूनमध्ये मी रजिस्टर पोस्टानं रत्नागिरीला आलो. सुमेधा हातखंब्याजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. वय बेचाळीस, स्वभाव चोख. दोन दुकानांतल्या तूरडाळीचे भाव तिला तोंडपाठ असत, आणि कोळणीच्या टोपलीतला जाड पापलेट ती हात न लावता डोळ्यांनी हेरायची. बँकेचा माणूस शिक्षकांच्या खोलीत फॉर्म घेऊन आला तेव्हा पहिली सही तिनंच केली. मी आलो त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सगळ्यांच्या हातांतून फिरलो. रत्नागिरीत तेव्हा कार्ड चालणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकीच होती, त्यामुळे माझं अप्रूप मोठं. मी मनातून फुगलो.

त्या दिवशी एकच बाई शाळेत नव्हती. ती आम्रपाली, मराठीची शिक्षिका, सुमेधाहून पाच वर्षांनी लहान. तिचे वडील मुंबईच्या गोदीत ओझी उचलायचे. तिनं डी.एड. केलं, नोकरी लागल्यावर बी.ए. केलं, मग बी.एड. केलं. १९९८ साली तिनं स्कूटी घेतली आणि तेव्हापासून दोघी रोज त्याच गाडीवरून शाळेत यायच्या. आम्रपाली चालवायची, सुमेधा मागे. पेट्रोल निम्मं निम्मं. आम्रपाली तिला ताई म्हणायची आणि अहोजाहो करायची. सुमेधा तिला अगंतुगं करायची. सहा वर्षांत दोघींनी एकमेकींच्या घरची किती दुखणी काढली, किती लग्नं पार पाडली, याची गणती नव्हती.

बँकेचा माणूस ऑगस्टमध्ये पुन्हा आला. या वेळी त्याच्याकडे नव्या कार्डाचे फॉर्म होते. आम्रपालीनं तो भरला, आणि गणपतीच्या आसपास तिचं कार्ड आलं. निळं, समुद्रासारखं चकचकीत. तिनं ते आनंदानं टेबलावर माझ्या शेजारी ठेवलं.

तिथून सगळं सुरू झालं. माझ्यावर शंभर रुपये खर्च केले की एक गुण मिळायचा. गुण साठले की बँकेच्या पुस्तिकेतून वस्तू निवडायची. निळ्या कार्डावर किराणा, पेट्रोल आणि फोनचं बिल भरलं की शंभरातले पाच रुपये सरळ परत. पेट्रोल भरताना माझ्यावर वर अडीच टक्के कापले जायचे, निळ्याला तेही माफ.

सुमेधा गणिताची बाई. घरी गेल्यावर तिनं पुस्तिका उघडली. गरम डब्यांच्या सेटला दीड हजार गुण लागत होते, म्हणजे दीड लाखाचा खर्च. तिनं पुन्हा हिशेब केला आणि तेच उत्तर आलं. मग निळ्या कार्डाच्या पत्रकातल्या बारीक अक्षरांत तिला दुसऱ्या वर्षापासूनची पाचशे रुपये फी सापडली. माझी फी जन्मभर माफ होती. तेवढ्या एका ओळीवर आम्ही दोघं आठवडाभर जगलो.

पहिलं बिल आलं तेव्हा आम्रपालीनं शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, की तिला दोनशे दहा रुपये परत मिळाले. घरात सात माणसं, किराणा मोठा. त्या पैशांचे तिनं सगळ्यांसाठी पेढे आणले होते. सुमेधानं दाढ दुखते म्हणून पेढा बाजूला ठेवला. दोनशे दहा गुणिले बारा, वजा पाचशे. हे गणित तिनं वर्गात फळ्याकडे जाता जाता मनात सोडवलं, आणि उत्तर काही केल्या माझ्या बाजूनं येईना.

तेव्हा तिच्या मनात एक वाक्य आलं. ‘यांना सगळं आयतंच मिळतं.’ असं वाक्य ती कुणाच्या तोंडून खपवून घेणारी नव्हती. एकदा एका शिक्षकानं आम्रपालीमागे असंच काही म्हटलं तेव्हा सुमेधानंच त्याला गप्प केलं होतं. फॉर्म दोन महिने उशिरा भरला, एवढंच काय ते आम्रपालीचं नशीब, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ते वाक्य आलं, आणि ती त्याला हाकलेना. मी तिच्या पर्समध्ये होतो. मलाही ते गोड लागलं.

पुढचे तीन महिने तिनं मला पळवलं. नेहमीच्या वाण्याला सोडून ती मशीन असलेल्या मोठ्या दुकानात जाऊ लागली. घरात साबणाच्या वड्या साठल्या. यजमानांनी विचारलं, एवढा साबण कुणाला, तर ती म्हणाली, लागतो. तिला आम्रपालीपेक्षा जास्त मिळवायचं होतं. वर्षअखेरीला बँकेकडून माझ्या गुणांचा कागद आला. तेवढ्या गुणांत पेन ठेवायचं उभं डबडं येत होतं.

ते आलं त्याच आठवड्यात, २००५ च्या जानेवारीतल्या एका सोमवारी, शाळा सुटल्यावर दोघी हातखंब्याच्या तिठ्याजवळच्या पंपावर थांबल्या. तिथे भागोजी नावाचा पन्नाशी उलटलेला माणूस पेट्रोल भरायचा. त्यानं निळं कार्ड आत नेलं, मशीनमधून काढून पावतीसकट आणून दिलं. आम्रपालीनं कार्ड आणि पावती सीटवर ठेवून सही केली. मागून गोव्याकडे जाणारा ट्रक हॉर्न देत आला, तशी तिनं घाईनं गाडी पुढे घेतली. सीटवरचं कार्ड घसरून मागे उभ्या सुमेधाच्या पायाशी पडलं.

सुमेधानं ते उचललं. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात आम्रपाली पुढून हसत म्हणाली, “ताई, या महिन्यात पेट्रोल फुकट पडलं म्हणायचं.”

सुमेधाचं तोंड मिटलं. तिनं पर्स उघडली आणि निळं कार्ड माझ्या शेजारी सरकवलं. उतरताना देऊ, असं ती स्वतःला म्हणाली. उतरताना तिनं दिलं नाही.

चार दिवस निळा माझ्या अंगाला चिकटून होता. मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. त्याच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्रपालीनं सगळीकडे शोधलं, मग बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं. शिक्षकांच्या खोलीतून तिचा तो फोन चालू असताना सुमेधा समोरच्या खुर्चीत वह्या तपासत बसली होती. फोन ठेवला गेला त्या क्षणी निळा मेला. आता त्याच्यावर काडेपेटीही मिळाली नसती. मी लपवत नाही, मला आनंद झाला. सुमेधालाही झाला असावा, कारण त्या तासाला तिनं मुलांना गृहपाठ दिला नाही.

तो आनंद शुक्रवारपर्यंत टिकला. मधल्या सुट्टीत आम्रपाली डबा न उघडताच बसून राहिली. सुमेधानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की काल ती पंपावर फक्त चौकशीला गेली होती. कुणावर आळ घ्यायचा तिचा विचार नव्हता. पण मालकानं भागोजीला पुढे बोलावलं आणि कार्ड त्याच्या हातून गेलं म्हणून त्याला घरी बसवलं.

“मी कशाला विचारायला गेले, ताई?” आम्रपाली म्हणाली. “कार्ड काय, दुसरं येईल. त्यांचं काम गेलं.”

सुमेधानं पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला. पुढचा तास कुणाला तरी सांभाळायला सांगून ती एकटी रस्त्याला लागली आणि रिक्षा करून तिठ्यावर गेली.

रिक्षात तिनं वाक्य तयार केलं होतं. पंपाच्या कडेला गवतात सापडलं, असं सांगायचं. कार्ड मालकाच्या हातात द्यायचं, भागोजी परत कामावर, विषय संपला. पर्समध्ये हात घालून ती ते वाक्य पुटपुटत होती, आणि तिचं बोट निळ्यावरून माझ्यावर, माझ्यावरून निळ्यावर फिरत होतं.

पंपावर भागोजी होता. झालेल्या दिवसांचा पगार न्यायला आला होता, हातात जेवणाचा डबा. सुमेधा मालकाच्या खोलीकडे निघाली तसा तो आडवा आला. आवाज त्यानं खाली ठेवला होता.

“बाई, तुम्ही ते उचललंत तेव्हा मी बघत होतो.”

सुमेधा जागच्या जागी थांबली. तिनं विचारलं, मग मालकाला का नाही सांगितलं.

“म्हटलं, दोघी एका गाडीवरनं येतात, देतील घरी गेल्यावर.” त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. “आणि माझी नात आठवीत हाय, तुमच्याच वर्गात. तिच्या बाईंचं नाव मी कसं घेऊ? आणि घेतलं असतं तरी, माझ्यावर विश्वास कुणी ठेवला असता?”

गवताचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. ती आत गेली आणि मालकाला उभ्यानंच सांगितलं, की कार्ड तिनं उचललं होतं, मुद्दाम दिलं नव्हतं, भागोजीचा काही दोष नाही. मालकाला ते नीट कळेना. एवढी शिकलेली बाई, दुसऱ्याचं बंद पडलेलं कार्ड ठेवून करणार काय? त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं. बाहेर येताना तिनं भागोजीला हात जोडले. त्यानं डबा खिडकीत ठेवला आणि पेट्रोलचा पाइप हातात घेतला.

शाळेत परतल्यावर तिनं आम्रपालीला रिकाम्या वर्गात बोलावलं. निळं कार्ड बाकावर ठेवलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं, भागोजीनं पाहिलं होतं तेसुद्धा.

आम्रपालीनं कार्ड उचललं नाही. तिनं एकच शब्द विचारला, “का?”

“तुझं माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून.”

“दोनशे दहा रुपये, बाई,” आम्रपाली म्हणाली.

ताई नाही, बाई. सगळी शाळा जशी म्हणायची तसं. सुमेधाला ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. पर्समध्ये मी एकटा होतो, मलाही लागलं. ज्या वाक्यावर आम्ही दोघं इतके महिने पोसलो होतो, ते वाक्य आम्रपालीला कधी सांगितलं गेलं नाही. पण मला वाटतं, ते तिला न सांगताच कळलं. असली वाक्यं ओळखायची सवय तिला लहानपणापासून होती.

सोमवारपासून सुमेधा एस.टी.नं शाळेत जाऊ लागली. गर्दीत उभं राहून, एका हातानं दांडा धरून. आम्रपालीची स्कूटी गाडीला मागे टाकून जायची, मागची सीट रिकामी. शिक्षकांच्या खोलीत दोघी कामापुरतं बोलायच्या. बाकीच्यांनी बरेच अंदाज बांधले. कारण मात्र दोघींपैकी कुणीही सांगितलं नाही. भागोजीला कामावर परत घेतलं होतं आणि त्याची नात सुमेधाच्या तासाला पूर्वीसारखीच पहिल्या बाकावर बसत होती.

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि जूनमध्ये शाळा उघडली. मारुती मंदिरच्या थांब्यावर सुमेधा एस.टी.ची वाट पाहत उभी होती. गाडी आली नव्हती, येण्याची चिन्हंही नव्हती. आम्रपालीची स्कूटी थोडी पुढे जाऊन थांबली. ती मागे वळली नाही.

“बसा,” ती म्हणाली. “घंटा व्हायला पंचवीस मिनिटं आहेत.”

सुमेधा बसली. पूर्वी गाडी चालवताना आम्रपाली आपली पर्स मागे सुमेधाच्या मांडीवर द्यायची. त्या दिवशी ती पर्स पुढच्या हुकाला अडकवलेली होती, चेन पूर्ण ओढून. सुमेधानं ते पाहिलं. तिनं सीटच्या मागची दांडी धरली, आणि घंटेच्या आधी दोघी शाळेत पोहोचल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. पर्स अजून हुकालाच असते. मधे आम्रपालीच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्रपाळीला सुमेधा होती, आणि त्या दिवसांत आम्रपालीनं तिला एकदोनदा ताई म्हटलं. मग पुन्हा बाई. सुमेधा दोन्हींना ओ देते.

माझी मुदत २००७ साली संपली. बँकेनं पत्र पाठवून सुमेधाला निळं कार्ड देऊ केलं होतं. तिनं पत्र वाचलं, फी आणि टक्के पाहिले, निळं आपल्या खर्चाला बरं पडेल हे तिला कळलं, आणि तिनं ते घेतलं. हेवा संपल्यावर हिशेब किती लवकर सुटतो, हे मी पाहिलं. कात्रीनं दोन तुकडे करून मला टाकायचं असं पत्रात लिहिलं होतं, पण तिनं टाकलं नाही. वैशाखात ती ताटांत आंबापोळी वाळत घालते, आणि पोळी सुकली की तिच्या कडा सोडवायला माझी पातळ धार सुरीपेक्षा बरी पडते. आता माझं काम एवढंच. स्वयंपाकघराच्या फळीवर किसणी आणि उलथण्याच्या मधे मी असतो.

तुम्ही दोन कार्डं शेजारी ठेवाल तेव्हा खुशाल तोला. फी बघा, टक्के बघा, पेट्रोलवर काय कापतात ते विचारा, त्यात काही वावगं नाही. पण दुसरं कार्ड कुणाच्या हातात आहे, तिकडे नजर जायला लागली, तर आम्हांला घडीभर उलटं ठेवा. मागून आम्ही सगळी सारखीच दिसतो. एक काळी पट्टी आणि तिच्याखाली सहीची जागा. माझ्यावरची सुमेधाची सही आंब्याच्या रसानं पुसत चालली आहे. या वर्षीच्या पोळ्यांत ती बहुतेक जाईल.