डोळ्यांवर ऊन

झुंबरबाईने दुभाजकातल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

"तुमी तितं जाऊन उबं ऱ्हावा. करन हुता तितं."

तिचा नवरा अंगद चपला ओढत निघाला.

नगरच्या या उपनगरातला रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ पश्चिमेला गेलेला. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, सूर्य बरोबर त्याच्या टोकाशी, दोन्हीकडच्या इमारतींच्या मधोमध बुडतो. ते बघायला चौकात कॉलेजची पोरंपोरी मोबाईल उंचावून जमली होती. भेळेच्या गाडीवर गर्दी होती.

गेल्या मार्चमध्ये अशाच संध्याकाळी त्यांचा मुलगा करण क्लासवरून खोलीवर जाताना हा रस्ता ओलांडत होता. पूर्वेकडून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं; तो जागीच गेला. टेम्पो चालवणारा अजिनाथ करणहून फार मोठा नव्हता. पोलिसांना तो एवढंच म्हणाला, "डोळ्यांवर ऊन आलं. काहीच दिसलं न्हाई."

खोटारडा. देवळाली प्रवरेत, घरी, भाकरी थापताना आणि उसात खुरपताना झुंबरबाई वर्षभर हेच म्हणत आली होती. अजिनाथची आई एकदा दारात आली, तर तिला उंबऱ्याबाहेरूनच हाकललं. "एवढ्या उजेडात मानूस दिसत न्हाई व्हय? मोबाईल बघत आसंल मेला!" ते खोटं आहे हे आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हणून आज ती नवऱ्याला घेऊन एसटीने आली होती.

सूर्य इमारतींच्या मध्ये उतरला. डांबर एकदम पांढरं झालं. त्या पांढऱ्यात अंगदची पाठ थोडी दिसली, मग टोपी तेवढी, मग काहीच नाही.

झुंबरबाईने पदर कपाळावर ओढला. हाताचा आडोसा केला. टक लावून बघत राहिली. दुभाजक नव्हता, झाडं नव्हती, माणूस नव्हता. डोळ्यांतून पाणी गळू लागलं तरी तिने पापणी मिटली नाही.

मागे पोरं ओरडली, "बरोबर मधी! बरोबर मधी आलाय!"

दंडाला कुणाचा तरी हात लागला, तशी ती दचकली. अंगद शेजारी उभा होता.

"कवा आलात?"

"समोरूनच आलो की. हात हालवीत."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुमाला ठावं हुतं."

अंगद बंद दुकानाच्या पायरीवर बसला. "पितरपाटात आल्तो मी. एकटाच."

"मंग सांगितलं का न्हाई?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवून तिची घडी नीट केली.

"त्याला शिव्या द्यायला का हुईना, तू उठत हुतीस. दोन घास खात हुतीस."

झुंबरबाई त्याच्यापासून जरा लांब, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. पदराने डोळे पुसले.

सूर्य गेला. पोरं फोटो एकमेकांना दाखवत पांगली. दुकानांचे दिवे लागले.

"शेवटची गाडी चुकंल," अंगद म्हणाला. "पलीकडं जायाला पायजे."

दोघं रस्त्याच्या कडेला आली. सिग्नलला गाड्या थांबल्या, समोरचा रस्ता मोकळा झाला. त्याने तिचा हात धरला. तिने एक पाऊल खाली टाकलं आणि परत वर घेतलं. त्यानेही ओढलं नाही.

गाड्या सुटल्या. पुन्हा थांबल्या. दोघं कडेलाच उभी होती.