डाव्या मनगटावरचं घड्याळ

घड्याळजींना त्या फिरत्या पेटीचा भयंकर राग. स्वयंचलित घड्याळ हाताच्या हालचालीवर आपसूक चावी घेतं, मग ते पेटीत घालून विजेवर गरगर फिरवायचं कशाला? पेटी चांगली की वाईट, असं गिऱ्हाइकाने विचारलं की झालं, यांची गाडी सुरू. रोज घालत असाल तर पेटी बिनकामाची, आणि घालत नसाल तर बिचाऱ्याला झोपू द्या की! उगाच पळवून चाकं झिजवायची आणि मिळवायचं काय, तर तारीख लावायचा त्रास वाचला. एक गिऱ्हाईक इतकं ओशाळलं की कोरी पेटी दुकानातच टाकून गेलं.

मग एका सकाळी घड्याळजींची डावी बाजू गेली. पाय थोडाफार सावरला, हात मात्र लाकडासारखा लटकत राहिला. घड्याळ उघडायला दोन हात लागतात, त्याला इलाज नाही.

त्यांनी आपलं स्वयंचलित घड्याळ बायकोकडून डाव्या मनगटावर बांधून घेतलं. हाताची डोळ्याला न दिसणारी हालचालही ह्याला कळेल, म्हणाले. माणसं खोटं बोलतात, घड्याळ बोलत नाही. चावीला कुणी बोटही लावायचं नाही, अशी सक्त ताकीद.

घड्याळ चाललं की! दहा दिवस, चाळीस दिवस. येईल त्याला घड्याळजी मनगट दाखवायचे. बाजारातला दुसरा कारागीर त्यांची अर्धवट कामं पुरी करून द्यायला आला, तर त्याला सुनावलं, अजून मेलो नाही मी. गिऱ्हाइकांना महिनाभर थांबायला सांगितलं. घड्याळ सेकंदाने इकडचं तिकडे होत नव्हतं, म्हणजे चावी पोटभर. मेलेल्या हाताने अशी चावी बसत नाही, हे नवशिक्यालाही कळलं असतं. पण यांना कळून घ्यायचंच नव्हतं.

पट्टा भिजेल म्हणून बायको आंघोळीआधी घड्याळ काढायची, ते दुपारच्या झोपेनंतर बांधायची. एका दुपारी झोप लागेना. कपाटातून घुर्र घुर्र आवाज येत होता. भिंत धरत ते कपाटापर्यंत गेले. चादरींमागे तीच पेटी, आणि तिच्यात त्यांचं घड्याळ गिरक्या घेत होतं.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." मग हळूच म्हणाली, "चावीला हात नाही लावला हो मी."

ते ओरडले नाहीत. घड्याळ बांधायला सांगितलं आणि खुर्चीत बसले. आता पेटी नाही. दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेले सगळे व्यायाम केले, घाम फुटेपर्यंत. उजव्या हाताने डावा उचलून हलवायचा मोह दहादा झाला. तेव्हा त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. तिसऱ्या दिवशी, बायको समोर बसलेली असताना, सेकंदाचा काटा अडखळला आणि थांबला.

मग त्यांनी त्या कारागिराला बोलवायला सांगितलं, घड्याळं घेऊन जाऊ दे म्हणाले. अवजारंही.

ती फोनकडे जाता जाता थबकली. "अहो, त्या पेटीने घड्याळाचं काही बिघडलं नाही ना?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "घड्याळ उत्तम आहे."