अनाक्लेतोची हाक

"आशीर्वाद द्या, पाद्रिनो."

रामिरोने घोड्यावरून उतरून हात जोडले. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणून त्याला हातांवर घेऊन उभा राहिला होता तो अनाक्लेतो. म्हणून चाळिशी गाठलेला, गुरांचा मालक झालेला हा गडी आपल्याच म्हाताऱ्या गुराख्यापुढे रोज सकाळी वाकायचा.

"देव भलं करो. काय काम काढलंस?"

"झेबू गाई टेकडीवरच्या कुरणात न्यायच्यात. दलदलीचं पाणी चढतंय. आज चाळीस, उद्या बाकीच्या. ट्रक आलेत."

"मग मी कशाला? पोरं आहेत की."

"चेष्टा करता काय! तुमच्याशिवाय कुणाला दाद देतात त्या?"

हे खरंच होतं. गुरांच्या एकेका जातीच्या स्वभावाचा हिशेब अनाक्लेतोच्या डोक्यात पक्का होता. हेरफर्ड म्हणजे जेवून उठलेला न्यायाधीश, कुणीही मागून हाकावा. अँगसची गाय कामापुरती शहाणी, फक्त तिच्या वासराच्या वाटेला जाऊ नये. वशिंडाची झेबू मात्र मागून हाकली तर कुंपण तोडेल. पुढे चालून हाक मारली तर पाण्यातूनही मागे येईल. आणि एकदा फसवली की जन्मभर तोंड फिरवेल. माणसांचीही तो अशीच वर्गवारी करी. रामिरोला त्याने लहानपणीच हेरफर्डांत घालून ठेवलं होतं.

"हूऽऽ, चला माझ्या बायांनो, हूऽऽ!"

लांब कान हलवत चाळीस जणी आल्या. प्रत्येक ट्रकमध्ये तो स्वतः आधी चढला, त्या मागोमाग चढल्या, आणि तो बाजूच्या लहान दारातून खाली उतरला. एकीलाही काठी लागली नाही.

शेवटचं फाटक लावताना तो ड्रायव्हरला म्हणाला, "टेकडीवरचं वळण अरुंद आहे हो. जपून."

"कुठली टेकडी, आजोबा? दुपारच्या आत कत्तलखान्यात पोचवायच्यात."

ट्रक धूळ उडवत निघून गेले. अनाक्लेतो रामिरोकडे वळला. रामिरो घोड्याचा पट्टा आवळत होता. तो आवळलेलाच होता.

"खरं सांगितलं असतं तर हाक मारली असतीत का, पाद्रिनो?"

"नसती."

"मग? मी तरी काय करणार? आता सगळे अँगस आणतोय. कुणाही पोराला हाकता येतील असे."

"म्हणजे माझंही काम संपलं म्हण की."

"तुम्ही घरचे आहात हो," रामिरो म्हणाला, पण वर बघून म्हणाला नाही.

दुसऱ्या सकाळी फाटकापाशी ट्रक पुन्हा उभे होते. रामिरोने हात जोडले. आशीर्वाद नाकारायची रीत नाही, म्हणून अनाक्लेतोने दिला. मग खुंटीवरचा चाबूक काढला. वर्षानुवर्षं तो तिथे नुसता शोभेला होता.

त्याला बघून झेबू हाकेआधीच चालत आल्या. पुढे तुटक्या कानाची होती. तिला त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिच्या नाकासमोर चाबूक कडाडला.

कळप थबकला. पुन्हा कडाडला.

"अहो, वेड लागलं काय तुम्हाला!" रामिरो ओरडला.

कळप वळला आणि पाणी उडवत दलदलीतल्या उंच गवतात घुसला.

"घे," अनाक्लेतो म्हणाला, "आता हाक मागून."

तुटक्या कानाची एकटी काठावर थांबली होती. मान वळवून त्याच्याकडे बघत होती. तिला बोलवायला त्याचे ओठ गोल झालेच होते. ते मिटून त्याने चाबूक पुन्हा उचलला.